पैसा कुणाचा, जोखीम कुणाची? – वाचकांचे प्रश्न

रस्ते, मेट्रो, पथदिवे, पाणी, रुग्णालयं अशा सार्वजनिक सोयी खासगी भागीदारीतून उभारण्याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खर्च केव्हाच वसूल झाला म्हणतात. मग टोल अजून का भरायचा? – वाचक, तळेगाव

आज तुम्ही भरता तो टोल बांधकामाच्या खर्चापोटी नाहीच. सुमारे ९५ किलोमीटरचा हा रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाने स्वतः बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. खर्च आला साधारण १,६३० कोटी रुपये. त्याआधी आलेला ३,६०० कोटींचा खासगी देकार सरकारने नाकारला होता. म्हणजे बांधणीपुरता हा रस्ता सरकारीच.

खासगी कंपनी आली ती नंतर. २००४ मध्ये महामंडळाने पुढच्या १५ वर्षांचा टोल आयआरबी कंपनीला दिला आणि बदल्यात ९१८ कोटी रुपये आगाऊ घेतले. ती मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. २०२० मध्ये पुन्हा बोली लागली, त्याच कंपनीला दहा वर्षं दोन महिन्यांसाठी, म्हणजे एप्रिल २०३० पर्यंत, हक्क मिळाले. रक्कम ८,२६२ कोटी. त्यातले ६,५०० कोटी सुरुवातीलाच आणि उरलेले हप्त्यांनी. दोन्ही वेळा सरकारने उद्याचा टोल आज विकला. हिशेबाच्या भाषेत हे कर्जच, फक्त ते फेडतो गाडीवाला. म्हणून ‘खर्च वसूल झाला का’ हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. विचारायचं असेल तर हे विचारा : आलेले ८,२६२ कोटी कोणत्या कामांवर गेले आणि ती कामं या रस्त्याच्या प्रवाशाच्या उपयोगाची होती का?

दुसरी बाब वाहतुकीची. टोलचा दर दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढवायचा, हे आधीच ठरलेलं होतं. मोटारीचा टोल २०२३ मध्ये २७० वरून ३२० झाला तो याच हिशेबाने. बोली लावणाऱ्यापुढे अनिश्चित उरते ती गाड्यांची संख्या. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात यावर एक चांगली तरतूद आहे. ठरलेल्या वर्षी वाहतूक अपेक्षेपेक्षा जितके टक्के कमी भरेल, त्याच्या दीडपट टक्क्यांनी कराराची मुदत वाढते (कमाल २० टक्के). जास्त भरली, तर दर टक्क्यामागे पाऊण टक्क्याने मुदत घटते (कमाल १० टक्के). अंदाज चुकला तरी एकाच बाजूचं घबाड होत नाही. राज्याच्या किंवा महापालिकेच्या करारात असं कलम आहे का, हे पाहिल्याशिवाय टोलवर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सरकारला कर्ज स्वस्तात मिळतं. मग महागडं खासगी भांडवल घ्यायचंच कशाला? – अर्थशास्त्राचे प्राध्यापक, नांदेड

आकडे मांडून पाहू. १०० कोटींचं काम आहे आणि पैसे १५ वर्षांत समान वार्षिक हप्त्यांनी फेडायचे आहेत. सरकारने साडेसात टक्क्यांनी कर्ज काढलं तर वर्षाचा हप्ता ११.३३ कोटी येतो. खासगी कंपनी ७५ टक्के कर्ज १० टक्क्यांनी उचलते आणि २५ टक्के स्वतःचं भांडवल घालते, ज्यावर तिला १८ टक्के परतावा हवा असतो. सरासरी पडली १२ टक्के. आता हप्ता १४.६८ कोटी. दरवर्षी ३.३५ कोटींचा फरक, १५ वर्षांचा मिळून तो साडेसात टक्के दराने आजच्या किमतीत मांडला तर जवळपास ३० कोटी.

तर भागीदारी परवडायला खासगी कंपनीने प्रकल्पाच्या आयुष्यभराच्या खर्चात निदान ३० कोटींची बचत दाखवली पाहिजे. ती कुठून येऊ शकते? सरकारी कामात मुदत आणि खर्च दोन्ही वाढतात. ती वाढ कंपनीच्या अंगावर पडली तर एक मोठा हिस्सा तिथेच वसूल होतो. दुसरा हिस्सा देखभालीत. जो बांधतो त्यालाच १५ वर्षं दुरुस्ती करायची असेल, तर तो डांबराचा थर चोरत नाही, कारण खड्डा त्यालाच भरायचा असतो.

पण हे दोन्ही कंपनीने जोखीम खरोखर उचलली तरच. करारात भाववाढीची भरपाई, जमिनीच्या उशिराची भरपाई आणि महसुलाची हमी अशी तिन्ही कलमं असतील, तर सरकार १२ टक्के व्याज देऊन जोखीमही स्वतःकडेच ठेवतं. दाभोळच्या वीज प्रकल्पात नेमकं हेच झालं. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, तेही बहुतांश डॉलरशी बांधलेले. मागणीची, इंधनाची आणि चलनाची जोखीम वीज मंडळाकडेच राहिली आणि २००१ मध्ये करार मोडला.

नियम साधा आहे : जी जोखीम ज्याला आटोक्यात ठेवता येते, ती त्याच्याकडे. बांधकामाची जोखीम कंपनीकडे, भूसंपादनाची सरकारकडे. वाहतुकीची कुणाकडे, यावर मात्र जाणकारांतही एकमत नाही. आमच्या मते गावाबाहेरच्या, पर्यायी रस्ता असलेल्या मार्गावर ती पूर्णपणे कंपनीवर टाकणं म्हणजे बोली लावणाऱ्याला जुगार खेळायला सांगणं.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेपुढे एलईडी पथदिव्यांचा प्रस्ताव आला आहे. कंपनी स्वखर्चाने २,००० दिवे बदलणार आणि वीजबिलाच्या बचतीतून सात वर्षं पैसे घेणार. ‘नगरपरिषदेला एक रुपयाही खर्च नाही’ असं सादरीकरणात म्हटलं आहे. हे खरं मानावं का? – नगरसेविका, लातूर जिल्हा

प्रस्ताव वाईट नाही. या प्रकारचे करार देशभर झाले आहेत. ‘एक रुपयाही खर्च नाही’ हे वाक्य मात्र कागदावर येऊ देऊ नका. पैसे तुमच्याच वीजबिलाच्या तरतुदीतून जाणार आहेत.

कंपनीचा हिशेब बहुधा असा असेल. जुना १५० वॉटचा सोडियम दिवा चोकसह १७० वॉट खातो, नवा एलईडी ७० वॉट. दिव्यामागे १०० वॉट वाचले. रोज ११ तास, म्हणजे वर्षाला ४,०१५ तास. २,००० दिव्यांची बचत ८,०३,००० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर ५६ लाख रुपये. यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे ४५ लाख, कंपनीला. ११ लाख तुम्हाला.

आता रात्री गावातून एक फेरी मारा आणि बंद दिवे मोजा. समजा २,००० पैकी ४०० बंद आहेत, जे आपल्या गावांत मुळीच नवलाचं नाही. मग तुम्ही आज बिल भरता ते १,६०० दिव्यांचं, १०,९२,०८० युनिट. नवे दिवे मात्र सगळे २,००० लागणार, ५,६२,१०० युनिट. खरी बचत ५,२९,९८० युनिटची, ३७ लाख रुपये. कंपनीला द्यायचे ४५ लाख. दरवर्षी जवळजवळ आठ लाखांची तूट, सात वर्षं. गावात उजेड वाढला हा फायदा खराच, पण तो बचतीतून आलेला नाही, हे सभेला माहीत असायला हवं.

या करारांत सगळ्यात जास्त गडबड होते ती इथेच, आधारभूत वापर, म्हणजे दिवे बदलण्याआधीचा वापर, ठरवताना. म्हणून कार्यारंभ आदेशाआधी पुढची कामं करून घ्या.

रात्रीचं संयुक्त सर्वेक्षण : नगरपरिषदेचा विद्युत पर्यवेक्षक, कंपनीचा माणूस आणि शक्य असल्यास महावितरणचा प्रतिनिधी. प्रत्येक खांबाला क्रमांक, दिव्याचा प्रकार, वॉट आणि चालू की बंद, अशी नोंद, खाली तिघांच्या सह्या. मागच्या १२ महिन्यांची सगळ्या पथदिवे जोडण्यांची बिलं जोडा. त्यात ‘सरासरी’ बिलं किती आहेत ते वेगळं काढा, कारण मीटर बंद असलेल्या जोडणीवर बचत मोजताच येत नाही. आधी मीटर बसवायला लावा.

बिलात आणखी एक गोम आहे. युनिट निम्मे झाले म्हणून बिल निम्मं होत नाही. स्थिर आकार मंजूर भारावर लागतो. दिवे बदलल्यावर भार कमी करून घेण्याचा अर्ज महावितरणकडे करायचा राहून जातो आणि जुन्याच भाराचा आकार वर्षानुवर्षं भरला जातो. हा अर्ज कंपनीने करून द्यायचा, असं करारातच लिहा.

पैसे देण्याची पद्धतही बदलून मागा. ‘गणिती बचतीच्या ८० टक्के’ याऐवजी ‘चालू असलेल्या दिव्यामागे दरमहा इतके रुपये’. किमान ९७ टक्के दिवे लागलेले असावेत, त्याखाली कपात. तक्रार नोंदल्यापासून ४८ तासांत दिवा लागला नाही तर त्या दिव्याचं त्या महिन्याचं देयक शून्य. दिवे लागतात की नाही हे कंपनीच्याच नियंत्रण पेटीतल्या नोंदींवरून ठरवू नका. दर महिन्याला दोन वॉर्डांत अचानक मोजणी ठेवा.

वस्तूबद्दल : एलईडी दिव्यात आधी जातो तो सहसा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारा भाग. ग्रामीण फीडरवर व्होल्टेज वरखाली होतं, पावसाळ्यात विजा पडतात, आणि स्वस्त ड्रायव्हर पहिल्या दोन पावसांत गळतात. १० किलोव्होल्टपर्यंतचं सर्ज संरक्षण (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव) आणि खांबांना नीट अर्थिंग ही मागणी निविदेत हवी. अर्थिंग कुणी करायचं यावरच पुढे भांडण लागतं, तेव्हा तेही आताच ठरवा.

उरले कंपनीचे धोके. नगरपरिषद देयकं थकवते, हा तिचा सगळ्यात मोठा धोका. म्हणूनच ती दर चढा लावते. पथदिव्यांसाठीची रक्कम आधी एस्क्रो खात्यात (फक्त याच कामासाठी बँकेत राखून ठेवलेल्या खात्यात) जाईल आणि तिथून महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कंपनीला मिळेल, अशी सोय दिलीत तर दर खाली आणायला सांगता येईल. सातव्या वर्षाच्या शेवटी दिवे कोणत्या अवस्थेत ताब्यात द्यायचे, हेही लिहा. नाहीतर शेवटच्या वर्षी देखभाल बंद पडते आणि तुमच्या हाती २,००० भंगार दिवे येतात.

प्रश्न : घाटकोपर-वर्सोवा मेट्रोचं भाडं ९ ते १३ रुपये ठरलं होतं. ते वाढलं कसं? कंपनीने फसवलं का? – वाचक, साकीनाका

फसवणुकीपेक्षा कराराची रचना पाहणं जास्त उपयोगाचं. ११.४ किलोमीटरच्या या मार्गाचा अंदाजित खर्च २,३५६ कोटी होता, त्यात ६५० कोटींचं सरकारी व्यवहार्यता अनुदान, म्हणजे एरवी न परवडणारा प्रकल्प उभा राहावा म्हणून दिलेली मदत. कंपनीत रिलायन्स इन्फ्राचे ६९ टक्के, एमएमआरडीएचे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) २६ आणि परदेशी भागीदाराचे ५ टक्के. २००६ मध्ये भूमिपूजन झालं, गाडी धावली जून २०१४ मध्ये. जागा मिळायला उशीर, रेल्वेमार्गावरून आणि पश्चिम द्रुतगती मार्गावरून पूल टाकण्याच्या परवानग्या यांत वर्षं गेली. कंपनीने खर्च ४,३२१ कोटींवर गेल्याचा दावा केला, एमएमआरडीएने तो मान्य केला नाही.

भाड्याचं म्हणाल तर करारात दर होता, पण मेट्रो कायद्यानुसार पहिलं भाडं ठरवण्याचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्या प्रशासनाला आहे. कंपनीने त्या कायद्यावर बोट ठेवलं आणि दर १० ते ४० रुपयांवर गेले. पुढे २०१५ मध्ये भाडे निश्चिती समितीने ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती रद्द केली. वाढीव खर्चाचा वाद लवादाकडे गेला आणि २०२३ मध्ये ९९२ कोटींचा निवाडा एमएमआरडीएच्या विरोधात लागला.

इथे चूक सुरुवातीची. एक करार भाडं ठरवतो, दुसरा कायदा वेगळंच सांगतो, आणि जागा वेळेत देण्याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडे ती पूर्ण करायची ताकद नाही. एमएमआरडीएची अवस्था तर विचित्रच होती : ती करार देणारीही आणि २६ टक्क्यांची भागीदारही. कंपनीकडून दंड वसूल करायचा तर स्वतःच्याच खिशातून चतुर्थांश जाणार.

प्रश्न : टोलमाफी झाली की जनतेचा फायदाच ना? – वाचक, कोल्हापूर

टोल देणारे सुटतात, कर देणारे अडकतात. करार मोडला की उरलेल्या वर्षांच्या उत्पन्नाची भरपाई द्यावी लागते. तुमच्या शहरातला करार साधारण ५० किलोमीटर अंतर्गत रस्त्यांचा, २२० कोटींच्या घरातला होता. एन. डी. पाटील आणि इतरांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, २०१५ च्या अखेरीस टोल गेला आणि भरपाईचा आकडा चारशे कोटींच्या वर पोहोचला. आंदोलन चुकीचं होतं असं आम्ही म्हणत नाही. शहरातल्या शहरात, पर्यायी रस्ता नसताना टोल लावणंच मुळात चूक होतं. ती चूक कराराच्या आधी सभागृहात अडवली असती तर फुकटात सुटली असती.

२०१५ मध्येच राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना व एसटीला सूट दिली. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलकी वाहनं ऑक्टोबर २०२४ पासून मोफत. तिथे ठेकेदाराने २०१० मध्ये १६ वर्षांसाठी २,१०० कोटी आगाऊ भरले होते. बुडालेल्या टोलची भरपाई सरकारलाच द्यायची. ती तिजोरीतून दिली, तर गडचिरोलीतला करदाताही वाशी नाक्यावरच्या मोटारीचा वाटा उचलतो.

प्रश्न : बीओटी, अॅन्युइटी, हॅम, टीओटी यांतला फरक थोडक्यात सांगाल? – स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, पुणे

बीओटी-टोल : कंपनी पैसे घालते, बांधते, टोल गोळा करते, मुदतीनंतर परत देते. वाहतुकीची जोखीम तिची.

अॅन्युइटी : बांधकामाचा पैसा कंपनीचा, टोल सरकारचा, कंपनीला ठरलेला सहामाही हप्ता.

हॅम (हायब्रीड अॅन्युइटी) : केंद्राने २०१६ मध्ये मंजूर केलेला मधला मार्ग. प्रकल्पखर्चाचे ४० टक्के सरकार बांधकामाच्या काळात हप्त्यांनी देतं, ६० टक्के १५ वर्षांत व्याजासह. सुरुवातीला हे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक दराशी जोडलेलं होतं. २०२० मध्ये तो दर झपाट्याने उतरला, कंपन्यांच्या स्वतःच्या कर्जाचा दर तितका उतरला नाही आणि त्या चिमटीत सापडल्या. नंतर ते बँकांच्या एमसीएलआरशी, म्हणजे बँका कर्जासाठी स्वतः ठरवतात त्या किमान दराशी, जोडलं.

टीओटी : तयार रस्त्याचा टोल आगाऊ रकमेवर देणं. केंद्राच्या अशा रस्त्यांचा पहिला गठ्ठा २०१८ मध्ये मॅक्वायरी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेने ९,६८१ कोटींना, ३० वर्षांसाठी घेतला.

प्रश्न : पाणी खासगी कंपनीकडे गेलं की दरही तीच ठरवते का? – वाचक, अकोला

नाही. नागपुरात २०१२ पासून २५ वर्षांसाठी पाणीपुरवठा खासगी कंपनी चालवते, पण ग्राहकाचा दर महापालिका ठरवते. कंपनीला पाण्याच्या दर युनिटमागे मोबदला मिळतो. हे दोन आकडे वेगळे असल्यामुळे मधली तफावत महापालिकेच्या माथी येते. अर्थसंकल्पात ती शोधा.

प्रश्न : तालुक्याला खासगी भागीदारीतून १०० खाटांचं रुग्णालय मिळणार, ८० टक्के पैसे सरकार देणार असं ऐकलं. हे शक्य आहे? – वाचक, नंदुरबार जिल्हा

नियमात बसतं. व्यवहार्यता अनुदान योजना २००६ पासून आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती सामाजिक क्षेत्रासाठी वाढवली. आरोग्य आणि शिक्षणातल्या प्रायोगिक प्रकल्पांना भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत केंद्र आणि ४० टक्क्यांपर्यंत राज्य देऊ शकतं. शिवाय पहिली पाच वर्षं चालवण्याच्या खर्चातला निम्मा भागही दोघं मिळून उचलू शकतात. अट एकच मोठी : चालवण्याचा निदान ५० टक्के खर्च रुग्णालयाच्या उत्पन्नातून निघाला पाहिजे. अनुदानही लगेच हातात पडत नाही. कंपनीने आधी स्वतःचं भांडवल घालून खर्च केलेलं असावं लागतं.

अडचण सहाव्या वर्षी येते. चालवण्याची मदत थांबते आणि आदिवासी तालुक्यात पैसे देणारा रुग्ण कमी. उत्पन्न बहुतेक सरकारी आरोग्य योजनेच्या दाव्यांचं असणार. दावे चार-सहा महिने लटकले की आधी भूलतज्ज्ञ सोडून जातो, मग शस्त्रक्रिया थांबतात. म्हणून दाव्यांच्या मुदतीचं कलम आणि सहाव्या वर्षानंतरच्या तुटीची तरतूद, दोन्ही आधी पाहा. शिवाय सल्लागार, वकील, स्वतंत्र अभियंता यांचा खर्च छोट्या प्रकल्पालाही फारसा कमी लागत नाही. विजय केळकर समितीनेही २०१५ च्या अहवालात छोट्या प्रकल्पांना हा मार्ग लावू नये असंच म्हटलं होतं. एका तालुक्याऐवजी पाच-सहा तालुक्यांचा एकत्र प्रस्ताव असेल तर गणित बरं बसतं.

प्रश्न : करार पाहायला कुठे मिळतो? अधिकारी ‘गोपनीय’ म्हणतात. – अनेक वाचक

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये सवलती आणि परवाने मिळालेल्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा आहे, हे अर्जात लिहा. कलम ८ (१) (ड) मधला व्यापारी गुपिताचा अपवाद पुढे केला जाईल. पण बोली उघडून, सही होऊन गेलेला करार गुपित कसा, हे विचारा. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. त्यामुळे एका अर्जात करार आणि परिशिष्टं, दुसऱ्यात स्वतंत्र अभियंत्याचे मासिक अहवाल, तिसऱ्यात आतापर्यंतची देयकं आणि दंड. परिशिष्टं वगळून नुसता करार दिला तर घेऊ नका. दराचं सूत्र, देखभालीचे निकष आणि करार मोडल्यास द्यायची रक्कम बहुतेक वेळा तिथेच असते.